बी कॅनरीचं, म्हणून रोपही कॅनरीचंच?

नमस्कार. माझ्या कुंडीतलं पामचं रोप कॅनरी आणि शिंदीचा संकर असावा, असं मी लेखात लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बी पुण्यात एरंडवण्यातल्या एका बंगल्यातल्या कॅनरी पामखालून उचललं हे मीच लिहिलंय, तेव्हा रोप कॅनरीचंच, त्यात शिंदीचा संकर शोधणं ही सनसनाटी, आणि फुलोरा येण्याआधी नाव देणं बेजबाबदारपणाचं. पहिला मुद्दा मला अजिबात मान्य नाही. दुसरा अर्धा मान्य आहे.

बी कुठल्या झाडाखालचं, यावरून फक्त आई कळते. कॅनरी, शिंदी, खजूर आणि कुंड्यांमधला तो बुटका पाम, सगळे फिनिक्स याच प्रजातीतले (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट). यांची नर-मादी झाडं वेगळी असतात आणि जातींमध्ये आपसांत सहज संकर होतो. त्या आवारात कॅनरी एकच, आणि ती मादी. परागण झालं नाही तर खजुरात बी धरत नाही. इथं बी धरलं आणि रुजलंही. मग पराग कुणाचे? आसपास कॅनरीचा नर मला दिसला नाही, पण भिंतीपलीकडे नाल्याच्या काठाला शिंदी उभी आहे आणि हिवाळा सरताना ती फुलते. खजुराचे बागायतदार बी न लावता फुटवे लावतात ते उगाच नाही. बियांतून आईचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत, शिवाय साधारण निम्मी झाडं नर निघतात.

तुम्ही दाखला दिलात तो फोटो रोप अगदी लहान असतानाचा, पानं लांबट नि अखंड. त्या वयात या सगळ्या जाती सारख्याच दिसतात. आता नवी झावळी बघा. कॅनरीच्या पात्या, म्हणजे झावळीच्या दांड्यावरची अरुंद पानं, हिरव्यागार, दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी एका ओळीत बसतात. इथं त्या दोन-दोन, तीन-तीनच्या झुबक्यांनी निघाल्यात: एक वर उठलेली, एक आडवी, एक खाली झुकलेली. रंगातही राखाडी झाक आहे. ही ठेवण शिंदीची.

प्रजाती ओळखायला मात्र फुलं लागत नाहीत. पाती मधोमध दुमडून वरच्या बाजूला उघडी राहते, सकाळी त्या घडीत दव साचलेलं दिसतं. नारळ-सुपारीत घडी उलटी, खाली उघडणारी. बुडाशी पात्यांचेच लांब काटे झालेत. हे सगळं एकत्र म्हणजे फिनिक्सच. जातीबद्दल तुमची सावधगिरी योग्य आहे, म्हणूनच लेखात मी 'संकर असावा' म्हटलं, 'आहे' म्हटलं नाही.

डीएनए तपासा म्हणालात. जरूर. पण हरितलवकातला (पेशीतल्या हिरव्या कणांमधला) डीएनए आईकडून येतो; तेवढाच तपासला तर उत्तर कॅनरी येणार आणि वाद आहे तिथंच राहणार. पेशीच्या केंद्रकातला, आई-बाप दोघांकडून येणारा, बघावा लागेल. फुलोरा आला की नमुना कोरेगाव रोडला, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात, नक्की दाखवीन.

एवढं ताणून धरतोय, कारण आपण हौशी मंडळी अशी रोपं एकमेकांना देतो. 'कॅनरी' म्हणून दिलेलं संकराचं रोप उद्या कुणाच्या तरी अंगणात फळतं, आणि त्याचं बीही पुढे कॅनरी म्हणूनच वाटलं जातं. म्हणून माझ्या कुंडीवरच्या पाटीवर 'आई कॅनरी, बाप अज्ञात' असं लिहिलंय. एरंडवण्यात किंवा आसपास फुलणारा कॅनरीचा नर तुमच्या पाहण्यात असेल तर जागा जरूर कळवा. तो त्या बंगल्याच्या जवळ निघाला तर माझा तर्क बराच कच्चा पडतो, आणि तसं मी इथंच लिहीन.