विमानांची ‘पुदुच्चेरी नंबरप्लेट’: फिरणारा दावा कुठे चुकतो

‘श्रीमंत लोक पुदुच्चेरीत गाडी नोंदवून रोड टॅक्स वाचवतात, तशाच आपल्या विमान कंपन्या आयर्लंड-बर्म्युडात विमानं नोंदवतात. तिथे कर नाही, तपासणी नाही आणि अपघात झाला तर जबाबदारीही नाही.’ असा मजकूर बराच फिरतोय. मालक कुठला, नोंदणी कुठली आणि विमान उडवणारी कंपनी कुठली, या तीन वेगळ्या गोष्टींची त्यात सरमिसळ झाली आहे.

‘आपली विमानं परदेशात नोंदलेली आहेत.’ बहुतेक नाहीत. मुंबई विमानतळावर उभ्या इंडिगोच्या एअरबस पाहा. शेपटीजवळची अक्षरं जवळपास सगळीकडे ‘व्हीटी’ने सुरू होतात, म्हणजे नोंदणी भारतातली, डीजीसीए या आपल्या हवाई नियामकाकडची. मालक मात्र अनेकदा आयर्लंडमधल्या डब्लिनची, विमानं भाड्याने देणारी (लीजिंग) कंपनी असते. नुसतं विमान भाड्याने घेतलं (ड्राय लीज) तर ते सहसा इथेच नोंदवलं जातं. वैमानिकांसकट घेतलं (वेट किंवा डॅम्प लीज) तर मूळ देशाची नोंदणी कायम राहते. २०२५ मध्ये इंडिगोची मुंबई–अ‍ॅमस्टरडॅम सेवा अशाच, नॉर्वेच्या नॉर्सकडून घेतलेल्या बोइंग ७८७ वर सुरू झाली.

‘कर चुकवण्यासाठी.’ आयर्लंडमधली करसवलत खरी आहे: साडेबारा टक्के कंपनी कर (मोठ्या बहुराष्ट्रीय समूहांना २०२४ पासून किमान १५), विमानाची किंमत घसारा म्हणून ८ वर्षांत वजा करायची मुभा, आणि सत्तरहून जास्त देशांशी दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार. पण हा फायदा मालक कंपनी आयरिश असल्यामुळे मिळतो. विमानावर आयर्लंडची ‘ईआय’ अक्षरं असोत की ‘व्हीटी’, त्याने फरक पडत नाही. रशियाचं प्रकरण थोडं वेगळं होतं. तिथल्या कंपन्यांनी पाश्चात्त्य विमानं बर्म्युडात नोंदवण्यामागे आयातशुल्क आणि व्हॅट हेही कारण होतंच.

‘तपासणी नाही.’ १९४४ च्या शिकागो करारानुसार विमानाला एकच राष्ट्रीयत्व असतं, ते नोंदणीच्या देशाचं (कलम १७). दोन देशांत एकाच वेळी नोंदणी चालत नाही (कलम १८). उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र नोंदणीचा देशच देतो. ‘८३ बिस’ कलमाखाली ठरावीक जबाबदाऱ्या विमान चालवणाऱ्या कंपनीच्या देशाकडे सोपवता येतात. अशी देखरेख विभागली की नेमकं कोण बघतंय याचा घोळ होतो, ही टीका रास्त आहे. पण ‘तपासणीच नाही’ म्हणणाऱ्यांनी १२ मार्च २०२२ आठवावा. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर लादलेल्या निर्बंधांमुळे रशियातल्या विमानांवर सुरक्षेची देखरेख ठेवता येत नाही, असं सांगून बर्म्युडाने तिथे चालणाऱ्या, आपल्याकडे नोंदलेल्या सगळ्या विमानांची प्रमाणपत्रं स्थगित केली. ही विमानं शेकड्यांनी होती.

‘अपघातात जबाबदारी नाही.’ प्रवाशाच्या भरपाईचा नोंदणीशी संबंध नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार ती विमान कंपनीच्या माथी असते.

मग परदेशी नोंदणी का? कारण मालकाला विमान परत मिळवायचं असतं आणि पुढे दुसऱ्याला द्यायचं असतं. हप्ते थांबले की त्याला तीन गोष्टी लागतात: विमानाचा ताबा, जुन्या नोंदणीतून नाव कमी करणं आणि निर्यातीची कागदपत्रं. त्यासाठी भाडेकरू कंपनीकडून आधीच ‘आयडेरा’ लिहून घेतात. नोंदणी रद्द करून विमान बाहेर नेण्याची ही मागे न घेता येणारी संमती असते. ती विमानांवरचे मालक-सावकारांचे हक्क जपणाऱ्या २००१ च्या केपटाउन या आंतरराष्ट्रीय करारातून आली. भारतीय नियमांतही ‘आयडेरा’ दाखल झाल्यावर पाच कामकाजी दिवसांत नोंदणी रद्द व्हायची तरतूद आहे.

तरी गो फर्स्टचं काय झालं? मे २०२३ मध्ये मुंबईची ही कंपनी दिवाळखोरीत गेली आणि दिवाळखोरी संहितेच्या स्थगितीने सगळं गोठलं. ५४ विमानांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला तो २६ एप्रिल २०२४ ला. मधल्या काळात विमानांचे भाग काढले गेल्याच्या तक्रारी कोर्टात झाल्या. इंजिनातल्या ठरावीक वापरानंतर बदलाव्या लागणाऱ्या भागांच्या पहिल्या दिवसापासूनच्या नोंदींची साखळी तुटली, तर भाग शाबूत असूनही पुढचा देश तो स्वीकारत नाही. अशा अनुभवानंतर मालक भाडं वाढवतो, अनामत जास्त मागतो, किंवा शक्य असेल तिथे भरवशाच्या देशातली नोंदणी मागतो. विमानांवरचे मालकांचे हक्क जपणारा २०२५ चा विमान-हितसंबंध संरक्षणाचा कायदा भारताने केला तो यासाठीच.

भरवशाची नोंदणी हीसुद्धा हमी नव्हे. बर्म्युडाची अक्षरं असूनही रशियाने मार्च २०२२ मध्ये कायदा करून परदेशी मालकांची विमानं स्वतःच्या नोंदणीत घेतली, शिकागो करारातलं कलम १८ गुंडाळून. तिथे नोंदणीचा उपयोग झाला नाही. मालकांना विम्याच्या मागे लागावं लागलं आणि लंडनच्या हायकोर्टाने युद्धजोखमीच्या विम्याखाली भरपाईचा निकाल दिला तो जून २०२५ मध्ये.