तेरा नंबरचा पत्ता

परवा रात्री साडेअकराला एका मैत्रिणीचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला. तिने कुतूहल म्हणून टॅरोचा, म्हणजे भविष्य बघायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांचा, कॅट घेतला होता आणि पहिल्याच दिवशी काढलेल्या तीन पत्त्यांत तेरा नंबरचा 'डेथ', म्हणजे मृत्यू, निघाला. काळं चिलखत घातलेला सांगाडा, पांढऱ्या घोड्यावर. त्यात तिचे वडील आजारी. "हे पत्ते मी घरात आणायलाच नको होते गं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मी तिला आधी हिशेब सांगितला. कॅटमध्ये पत्ते ७८. तीन काढले तर हा पत्ता निघण्याची शक्यता २६ मध्ये एक. दहा पत्त्यांची मोठी मांडणी केली, तर जवळपास दर आठ मांडण्यांमागे एकदा तो दिसणारच. त्याचा अर्थ मृत्यू असता, तर पत्ते पिसणाऱ्या प्रत्येकाच्या घरात कायम सुतक असतं. टॅरो वाचणारे लोक या पत्त्याचा अर्थ लावतात तो एखादी गोष्ट संपण्याचा: नोकरी, नातं, जुनी सवय. चित्रात मागे दोन बुरुजांमध्ये सूर्यही आहे, पण घाबरलेल्या माणसाची नजर तिथवर पोचत नाही.

मला चीड येते ती या भीतीवर पोट भरणाऱ्यांची. 'डेथ' किंवा कोसळत्या बुरुजाचा 'टॉवर' निघाला की चेहरा गंभीर करायचा, "तुमच्यावर सावट आहे" म्हणायचं आणि मग उपायाचे पैसे सांगायचे. असं कोणी केलं तर त्या क्षणी उठून या. कोणत्याही पत्त्यावर उपाय छापलेला नसतो. आणि आजाराचा प्रश्न असेल तर तो डॉक्टरांना विचारा, पत्त्यांना नाही.

मुळात हे पत्ते खेळायचे होते. पंधराव्या शतकात, १४४० च्या सुमारास, उत्तर इटलीत मिलान आणि फेराराच्या दरबारांत लोक त्यांनी डाव मांडत. चषक, तलवारी, दंड आणि नाणी असे चार रंग; प्रत्येकात राजा, राणी, गुलाम आणि आपल्या नेहमीच्या कॅटमध्ये नसलेला घोडेस्वार. ज्या पत्त्यांना आज 'मेजर अर्काना' म्हणतात, त्या २२ पैकी २१ म्हणजे चक्क हुकूम! उरलेला एक 'फूल', म्हणजे वेडा. फ्रान्स आणि ऑस्ट्रियात हा खेळ आजही खेळतात.

मग हे पत्ते इजिप्तहून आले, असं जे सांगतात ते कुठून आलं? १७८१ मध्ये कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच लेखकाने लिहिलं की, हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचं गुप्त ज्ञान. त्या काळी इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. शाम्पोलिओँने ती उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे पडताळायची सोयच नव्हती, आणि तरी ती कहाणी आजपर्यंत चालत आली.

पहिला कॅट भेट म्हणूनच मिळायला हवा असं म्हणतात, तेही खरं नाही. स्वतः घ्या, आवडेल तो घ्या. पत्ते काढायला अंगात कुठली शक्तीही लागत नाही.

मग मी स्वतः पत्ते का काढते? भविष्य कळतं म्हणून नाही. ते कळतं असं मला वाटत नाही. पण मनात गुंता झाला की समोरचं चित्र मला बोलतं करतं. 'एट ऑफ स्वोर्ड्‌स'मध्ये एक बाई उभी आहे, डोळ्यांवर पट्टी, अंगाला बांधलेलं, भोवती आठ तलवारी. तिचे पाय मात्र मोकळे आहेत. एका अवघड काळात मी त्या पायांकडे बराच वेळ बघत बसले होते.

माझ्या आणि मैत्रिणीच्याही कॅटमधली ही चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. १९०९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेला हा कॅट अनेक वर्षं ओळखला गेला तो प्रकाशक रायडर आणि ते काम करवून घेणारे वेट यांच्या नावाने. ७८ च्या ७८ चित्रं काढणारीचं नाव मात्र त्यात नव्हतं. १९५१ मध्ये ती गेली तेव्हा गाठीला फारसं काही नव्हतं. पण चित्राच्या कोपऱ्यात तिने आपली नागमोडी सही करून ठेवली आहे.

मैत्रिणीला म्हटलं, दिवा लाव आणि त्याच पत्त्यावर ती सही शोध. फोन चालूच होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "सापडली. आणि अगं, इथे एक लहान मूल आहे, ते घोड्याकडे तोंड करून बसलंय. ते घाबरलेलं दिसत नाही."