ब्रिटनमधलं छोटं गाव लंडनपेक्षा धोकादायक असतं का?

ब्रिटनला शिकायला, नर्स म्हणून किंवा केअर होममधल्या नोकरीसाठी निघालेल्या मुलामुलींच्या घरी एक मजकूर हमखास पोचतो. त्याचा गोषवारा असा: दरहजारी गुन्ह्यांच्या याद्यांत तिथली छोटी गावं लंडनच्याही वर आहेत, पोलिसांच्या नकाशावर एकेका गल्लीत गुन्ह्यांचा खच दिसतो, हिंसाचार दहा वर्षांत तिप्पट झालाय, समुद्रकाठच्या गरीब गावांत तर पाऊलही टाकू नये, आणि राहायचंच झालं तर सगळे एकमेकांना ओळखतात असं अगदी लहान खेडं शोधावं, कारण तिथे गुन्हेच होत नाहीत. यातले बरेच आकडे खोटे नाहीत, म्हणूनच हा मजकूर खोडून काढणं अवघड जातं. पण त्या आकड्यांवरून काढलेले निष्कर्ष जवळजवळ सगळे चुकलेले आहेत, आणि शेवटचा तर एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो.

आधी दरहजारी यादी घेऊ. हा दर काढताना वर वर्षभरात नोंदलेले गुन्हे असतात आणि खाली तिथले कायमचे रहिवासी. खालचा आकडा फार लहान असला की काय होतं, ते स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या कॅना बेटावर २०१५ साली दिसलं. बेटावर तेव्हा जेमतेम २६ माणसं राहत होती. गावकऱ्यांनी मिळून चालवलेलं दुकान रात्रीही उघडं असे, कारण मासेमारीच्या बोटी वेळीअवेळी धक्क्याला लागत. खलाशांनी हवं ते घ्यायचं, लिहून ठेवायचं आणि पैसे डब्यात टाकायचे. त्या जूनमध्ये एका रात्री कुणीतरी चॉकलेटं, बिस्किटं, कॉफी, साबण-शाम्पूसारख्या वस्तू आणि दुकान सांभाळणाऱ्या बाईंनी विणलेल्या लोकरीच्या टोप्या उचलून नेल्या. माल साधारण २०० पौंडांचा. त्याआधीची बेटावरची लोकांच्या आठवणीतली चोरी १९६०च्या दशकातली होती, चर्चमधल्या एका कोरीव लाकडी थाळीची.

आता हिशेब करा. २६ माणसांत एक चोरी म्हणजे दरहजारी ३८. त्याच सुमाराला इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांकडे नोंदलेल्या दुकानचोऱ्यांचा दर हजारी ६च्या आतबाहेर होता. पन्नास वर्षांत दोन चोऱ्या आठवणारं बेट यादीत अख्ख्या इंग्लंडच्या सहापट वाईट ठरलं असतं, आणि ज्या वर्षी चोरी झाली नाही त्या वर्षी देशात सर्वांत सुरक्षित. ५०० वस्तीच्या खेड्यात एका शनिवारी पबबाहेर दोघांची मारामारी झाली, तर हिंसाचाराचा दर लगेच हजारी २ने वर जातो. अशा गावाचा एका वर्षाचा दर दुसऱ्या गावाशी ताडून काहीच कळत नाही. पाच वर्षांची बेरीज, प्रत्यक्ष संख्या आणि गुन्ह्याचा प्रकार हे तिन्ही एकत्र पाहिलं तरच थोडंफार चित्र उभं राहतं.

खालच्या आकड्यात आणखी एक गोम आहे. त्यात फक्त रहिवासी मोजतात. कामाला येणारे आणि फिरायला येणारे मोजत नाहीत. लंडनच्या मधोमध असलेल्या ‘सिटी ऑफ लंडन’ या एका चौरस मैलाच्या भागात २०२१च्या जनगणनेत साधारण ८,६०० रहिवासी होते, पण तिथे नोकरीला येणाऱ्यांची संख्या सहा लाखांच्या वर आहे. त्या सगळ्यांचे चोरलेले फोन भागायचे ८,६००ने. असा दर दिशाभूल करतो म्हणून सरकारी आकडेवारीच या भागाच्या दराबद्दल सावध करते. कॉर्नवॉलपलीकडच्या सिली बेटांवर जेमतेम २,१०० लोक राहतात आणि वर्षाला लाखभर पर्यटक येऊन जातात. ऑगस्टमधल्या एखाद्या दारुड्या पाहुण्याचा गोंधळ तिथल्या रहिवाशांच्या नावावर जमा होतो. इंग्लंडच्या किनाऱ्यावरची कितीतरी ‘धोकादायक’ गावं या एकाच कारणानं यादीत वर जाऊन बसलेली असतात.

नकाशाचा मुद्दा यापेक्षा सोपा आहे, पण घबराट त्यानंच जास्त पसरते. इंग्लंड आणि वेल्सच्या पोलिसांचा गल्लीनिहाय नकाशा २०११पासून सर्वांना खुला आहे. त्यावर गुन्ह्याची खरी जागा दाखवत नाहीत. पीडित व्यक्तीचं घर ओळखू येऊ नये म्हणून प्रत्येक घटना जवळच्या एका ठरावीक बिंदूवर सरकवली जाते. हे बिंदू रस्त्यांच्या मध्यावर असतात, किंवा सुपरमार्केट, पेट्रोल पंप, बाग, वाहनतळ, रुग्णालय अशा ठिकाणी. त्यामुळे आसपासच्या घरांत घडलेलं सगळं एका दुकानाच्या माथी दिसतं. मजकुरासोबत फिरणाऱ्या चित्रांत ज्या वाहनतळावर मोठा आकडा दिसतो, तिथे तितके गुन्हे झाले असं त्यावरून मुळीच ठरत नाही. शिवाय दंगामस्ती, आरडाओरडा यांसारख्या तक्रारीही त्या आकड्यात मिसळलेल्या असतात. पोलिसांच्या अधिकृत हिशेबात त्या गुन्हा म्हणून धरल्याच जात नाहीत. उलटंही होतं. संगणक प्रणाली बदलल्यामुळे ग्रेटर मँचेस्टर पोलिसांकडून जुलै २०१९नंतर दीर्घकाळ या नकाशाला माहितीच मिळत नव्हती. त्या काळात नकाशा उघडून मँचेस्टर परिसरातलं घर शोधणाऱ्याला कोरी जागा दिसली असेल. कोरी जागा म्हणजे शांत वस्ती असा अर्थ कुणी काढला असेल, तर तो त्याला महागात पडला असता.

हिंसाचार तिप्पट झाल्याच्या दाव्यावर मात्र जरा थांबायला हवं, कारण पोलिसांच्या नोंदीत तो खरोखरच जवळपास तिप्पट दिसतो. याचं मूळ २०१४मध्ये आहे. त्या वर्षी जानेवारीत पोलिसांच्या गुन्हेनोंदींचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जाच काढून घेतला गेला, कारण त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नव्हता. वर्षअखेरीला पोलिस निरीक्षणालयाचा अहवाल आला: पोलिसांपर्यंत पोचलेल्या गुन्ह्यांपैकी १९ टक्के नोंदलेच जात नव्हते, हिंसाचारात तर ३३ टक्के. म्हणजे वर्षाला आठ लाखांहून अधिक गुन्हे पोलिसांपर्यंत पोचूनही कागदावर येत नव्हते. त्यानंतर नोंदणी कडक झाली. पाठलाग, छळ, धमकीचे मेसेज हे सगळं ‘व्यक्तीविरुद्ध हिंसाचार’ या शीर्षकाखाली मोजलं जाऊ लागलं. जखम न झालेली ढकलाढकलीही त्याच शीर्षकात येते. आकडा चढणारच होता, आणि तो चढला हे पीडितांच्या दृष्टीनं चांगलं झालं.

खरोखर काय बदललं हे पाहायला दुसरं साधन आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून इंग्लंड आणि वेल्समध्ये हजारो घरांत जाऊन, गेल्या वर्षभरात तुमच्याबाबतीत काय घडलं, असं विचारलं जातं. पोलिसांकडे तक्रार केली की नाही याचा तिथे संबंध नसतो. या पाहणीत हिंसाचार १९९५च्या सुमाराला शिखरावर होता आणि त्यानंतर तो खूप उतरला. पोलिसांच्या नोंदी तिप्पट झाल्या त्याच दशकातही पाहणीतला आकडा वाढला नाही. दुकानचोऱ्या गेल्या काही वर्षांत खऱ्याच वाढल्या आहेत. मार्च २०२५पर्यंतच्या वर्षात त्यांची नोंद पाच लाखांच्या पुढे गेली. ती झळ छोट्या गावातल्या एकुलत्या दुकानालाही बसते आणि काउंटरवर उभ्या राहणाऱ्यांचं जगणं अवघड करते. हे नाकारायचं कारण नाही. पण पाहणी एका गावापुरतं काही सांगू शकत नाही, त्यासाठी तिचा नमुना पुरत नाही. त्यामुळे ‘अमुक गावात हिंसाचार इतके टक्के वाढला’ असं वाक्य दिसलं की ते पोलिसांच्या नोंदींवरच उभं आहे, हे ओळखावं.

गरीब किनारी गावांबद्दल जे लिहिलंय ते वाचून मला सर्वांत जास्त राग येतो. मजकुरात नाव असतं जेविकचं. एसेक्सच्या किनाऱ्यावरचं हे गाव १९३०च्या सुमाराला लंडनच्या कामकरी कुटुंबांसाठी सुट्टीतली स्वस्त घरं म्हणून वसलं. युद्धानंतर घरांच्या टंचाईत लोक तिथेच कायमचे राहिले. १९५३च्या पुरात गावातली ३५ माणसं गेली. २०१०, २०१५ आणि २०१९ या तिन्ही वर्षी इंग्लंडच्या सरकारी वंचितता निर्देशांकात जेविकचा एक भाग सर्वांत वरच्या क्रमांकावर आला, आणि तिथून ‘सर्वांत वंचित’चं ‘सर्वांत धोकादायक’ कधी झालं ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. या निर्देशांकात गुन्ह्यांचा वाटा ९.३ टक्के आहे. उत्पन्न आणि रोजगार यांचा मिळून ४५ टक्के, बाकीचा शिक्षण, आरोग्य, घरं आणि परिसर यांचा. तो क्रमांक सांगतो की इथल्या लोकांना काम नाही, तब्येती खालावल्यात, घरं ओलसर आहेत. २०१८मध्ये अमेरिकेतल्या एका निवडणूक प्रचारात या गावाच्या खराब रस्त्याचा फोटो मतदारांना घाबरवण्यासाठी वापरला गेला. इथले लोक कशाला बळी पडलेत ते पाहायचं सोडून त्यांनाच धोका ठरवायचं, हा अन्याय आहे. आपल्याकडे झोपडपट्टीबद्दल असंच बोललं जातं आणि तेही तितकंच चूक असतं.

मजकुरात जे लिहिलेलं नाही, तेच आपल्या मुलांच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं आहे. सरासरी दर कुणाचा धोका किती हे सांगत नाही. नोंदलेल्या द्वेषगुन्ह्यांत सुमारे ७० टक्के वंशाशी निगडित असतात आणि अशा कितीतरी घटना पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत. २९ जुलै २०२४ला साउथपोर्टमध्ये नृत्यवर्गात तीन लहान मुलींची हत्या झाली. हल्लेखोर आश्रयाला आलेला परदेशी असल्याची खोटी बातमी पसरली आणि पुढचा आठवडाभर साउथपोर्ट, हार्टलपूल, रॉदरहॅम, टॅमवर्थ अशा गावांत दंगली झाल्या. आश्रयार्थींना ठेवलेल्या हॉटेलांवर हल्ले झाले. त्या आठवड्यात सावळ्या माणसानं घराबाहेर पडावं की नाही, हे कुठल्याही वार्षिक यादीतून कळलं नसतं. ते कळलं सहकाऱ्यांकडून, मशिदी-मंदिरांच्या निरोपांतून आणि स्थानिक पोलिसांच्या सूचनांतून. पुढच्या काही दिवसांत हजारो लोक दंगलखोरांविरुद्ध रस्त्यावर उतरले, हेही त्याच आठवड्यातलं आहे.

आता शेवटचा दावा: सगळे एकमेकांना ओळखतात अशा ठिकाणी गुन्हे होत नाहीत. प्रशांत महासागरातलं पिटकेर्न हे ब्रिटनच्या ताब्यातलं बेट. २००४मध्ये तिथे पन्नासच्या आत माणसं होती. त्या वर्षी बेटावर चाललेल्या खटल्यांत सहा पुरुष अल्पवयीन मुलींवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी दोषी ठरले. काही घटना कित्येक दशकांपूर्वीच्या होत्या. गुन्हे नोंदले जात नव्हते, कारण तक्रार करायची ती त्याच माणसांच्या नातेवाइकांकडे.

आणि मँचेस्टरजवळचं हाइड. तिथला डॉक्टर हॅरॉल्ड शिपमन हा गावाच्या विश्वासातला माणूस होता. दुपारी घरी येऊन तो म्हाताऱ्या बायकांना डायमॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाचं जीवघेणं इंजेक्शन द्यायचा आणि मृत्यूच्या दाखल्यावर स्वतःच सही करायचा. १९९८मध्ये त्याला अटक झाली. २००२च्या चौकशी अहवालात २१५ बळींची ओळख पटली. ज्या वर्षांत तो मारत होता त्या वर्षांच्या खूनसंख्येत त्यातलं जवळजवळ काहीही दिसत नाही. त्यातले १७०हून अधिक मृत्यू २००२-०३ या एकाच वर्षाच्या राष्ट्रीय आकड्यात जमा झाले, कारण खून पोलिसांनी नोंदला त्या वर्षात धरतात. हाइड कागदावर सर्वांत शांत होतं तेव्हाच ते तिथल्या एकट्या म्हाताऱ्या बायकांसाठी सर्वांत धोकादायक होतं.

अशा घटना दुर्मीळ आहेत, पण त्यांच्या मुळाशी असलेली गोष्ट दुर्मीळ नाही. बाईला घरात मारहाण होत असेल आणि गावात एकच डॉक्टर, एकच शाळा, एकच पब असेल, तर ती कुणाकडे बोलणार? पोलिस ठाणं वीस मैलांवर, शेवटची बस संध्याकाळी सहाला. अशा गावाचा दर कमी दिसतो तो बऱ्याचदा या न बोलण्यामुळे. शिवाय जीव जातात ते रस्त्यांवर: ब्रिटनमधल्या रस्ते अपघातांतल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक ग्रामीण रस्त्यांवर होतात. रात्रपाळी संपवून दिवे नसलेल्या अरुंद रस्त्यानं सायकलवर घरी जाणारी केअर होममधली मुलगी सुरक्षित आहे का, हा प्रश्न कुठल्याच गुन्हे-यादीत नसतो.

म्हणून मुलगा किंवा मुलगी छोट्या गावात जात असेल तर यादी बाजूला ठेवा आणि वेगळं विचारा. पाळी सुटल्यावर घरी कसं जायचं, वाटेत दिवे आहेत का? नोकरी आणि घर एकाच मालकाच्या हातात आहे का, आणि असेल तर तक्रार करायची वेळ आल्यावर काय? इंग्लंडमध्ये घराच्या अनामत रकमेची नोंद घरमालकानं ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत करायची असते. ती केली का? तातडीला ९९९ आणि एरवी १०१ हे पोलिसांचे क्रमांक फोनमध्ये आहेत का? आणि फसवणुकीबद्दल नक्की बोला. घरोघरीच्या पाहणीत अलीकडे मोजल्या गेलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे ४० टक्के फसवणुकीचे आहेत आणि त्यासाठी गाव मोठं असावं लागत नाही. व्हिसाच्या कागदात चूक आहे, आत्ता पैसे भरा नाहीतर हद्दपार करू, असं सांगणारा फोन नव्या विद्यार्थ्यांना आणि कामगारांना हमखास येतो. ब्रिटनचं गृहखातं असे पैसे फोनवर मागत नाही. तो फोन ठेवून द्यायचा.