दोष फक्त लोकांचाच?
"लोकांनी नियम पाळले नाहीत म्हणून पुन्हा पुन्हा लॉकडाऊन लावावं लागलं" हे कोरोनाच्या लॉकडाऊनवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. लॉकडाऊनने आजार बरा होत नाही, रुग्णांची लाट फक्त पुढे ढकलली जाते आणि तेवढ्या वेळात बेड, ऑक्सिजन, माणसं उभी करायची असतात, २०२० मध्ये तज्ज्ञ हेच तर सांगत होते. लोकांनी मुकाट्याने सोसलं, धंदे बुडाले, पोरांच्या शाळा बंद पडल्या, पण तो वेळ नीट वापरला का कोणी? पुढच्या लाटेत परत तेच, बेड नाही, ऑक्सिजन नाही, मग माणूस चिडणार नाही तर काय करणार.

माझी वहिनी आयसीयूत नर्स आहे. तिच्याकडे नवे व्हेंटिलेटर आले होते पण खोक्यातच पडून, चालवायला ट्रेनिंग घेतलेला माणूसच नाही. आयसीयूत एका नर्सकडे एक, फार तर दोन पेशंट असायला हवेत, तिच्याकडे सहा-सहा असायचे, आणि पीपीई किट एकदा चढवलं की ड्युटी संपेपर्यंत पाण्याचा घोट नाही. कंत्राटावर घेतलेल्या तिच्या सोबतच्या मुलींना तर लाट ओसरल्यावर लगेच घरी पाठवलं. त्याबद्दल लेखात एक ओळ तरी हवी होती.