कष्टकऱ्यांचा महोत्सव भरवताय? मागच्या रांगेतून काही सूचना

पुण्यात राहणाऱ्या माणसाची दोन गोष्टींपासून सुटका नाही. एक गणपतीची वर्गणी आणि दुसरा पुरोगामी परिसंवाद. तेव्हा आपणही कष्टकऱ्यांच्या हक्कांसाठी एखादा महोत्सव भरवावा, असं तुमच्या मनात आज ना उद्या येणारच. संकोच करू नका. गेल्याच महिन्यात असा एक महोत्सव मी उद्घाटनापासून आभारप्रदर्शनापर्यंत, मध्ये न उठता, बसून पाहिला. त्यातून जे ज्ञान मिळालं ते इथे फुकट वाटते आहे.

पहिली गोष्ट जागा. गंज पेठेत फुले वाडा आहे. सत्यशोधक समाज १८७३ साली ह्याच शहरात स्थापन झाला. मार्केट यार्डात हमाल भवन आहे, दांडेकर पुलाजवळ साने गुरुजी स्मारक आहे. ही सगळी नावं प्रास्ताविकात घ्यावीत, कार्यक्रम मात्र तिथे घेऊ नये. पार्किंगची बोंब असते. कोथरूडच्या बाजूचं एखादं एसी सभागृह बघा. रामटेकडीच्या कष्टकरी वस्तीतून तिथे यायला लांब पडतं, पण रामटेकडीहून येणार कोण?

उद्घाटनाला समई नको, प्रतिगामी दिसतं. रोपाला पाणी घाला. मान्यवर नऊ असतील तर नऊ जणांनी एकाच रोपाला घाला, फोटोत सगळे आले पाहिजेत. रोपाचं पुढे काय झालं ते विचारू नये. हलगी हवीच. वाजवणाऱ्याला वाजवून झाल्यावर स्टेजच्या मागच्या जिन्याने उतरवा, पुढच्या जिन्यावर पाहुणे असतात.

झोळ्या आणि टी-शर्टांचा स्टॉल दाराशी लावा. ते कोणी शिवले, किती मजुरीत शिवले, हा प्रश्न चर्चासत्रात घेता येईल.

आता वेळ. वार रविवारच ठेवा, आणि रविवार का, ते निवेदकाला आवर्जून सांगायला लावा. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणी कामगारांसाठी कशी झुंज दिली, १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी कशी मिळाली, लोखंडे फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले कसे, हे सगळं. टाळ्या हमखास पडतात. आमच्याकडेही पडल्या. मी ज्यांच्याबरोबर संघटनेचं काम करते त्या घरकाम करणाऱ्या बायकांनीही वाजवल्या. त्या रविवारी खाडा करून आल्या होत्या. रविवारी साहेब घरी, मुलं घरी, वर पाहुणे. म्हणजे भांडी दुप्पट. १८९० ची सुट्टी त्यांच्या दारापर्यंत अजून पोचलेली नाही, पण टाळ्या त्यांनी मनापासून वाजवल्या.

कार्यक्रम दहाचा होता. पावणेबाराला सुरू झाला. प्रमुख पाहुणे विद्यापीठ चौकात अडकले होते. (पुणेकरांना अधिक सांगायला नको.) मग पाणी घालणं, मग प्रास्ताविक, मग त्या प्रास्ताविकाची भूमिका स्पष्ट करणारं आणखी एक प्रास्ताविक. मग श्रम संहितांवर एका तज्ज्ञांची मांडणी. विषय उत्तम, त्यात शंका नाही. कामगारांचे २९ कायदे गुंडाळून चार संहिता केल्या, २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाल्या. कामगार काढण्याआधी सरकारची परवानगी घ्यायची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली. संपाआधी १४ दिवसांची नोटीस. हे चाकण-भोसरीतल्या प्रत्येक कंत्राटी पोराला कळायला हवं. ती पोरं त्या वेळी शिफ्टवर होती. सभागृहात होते ते हे सगळं आधीच वाचून आलेले, आणि उरलेल्या आमच्या बायका. स्लाइड सगळ्या इंग्रजीत. 'वेळेचं भान ठेवतो' असं तज्ज्ञ तीनदा म्हणाले आणि पन्नास मिनिटं बोलले. त्यांना चिठ्ठी कोणी पाठवली नाही.

चिठ्ठी नंतर पाठवली. पत्रिकेत 'कष्टकऱ्यांचे अनुभवकथन' असं अर्ध्या तासाचं सत्र होतं. ते जेवणाच्या तोंडावर आल्यामुळे प्रत्येकी तीन मिनिटांवर आलं. आमच्या एक मावशी उभ्या राहिल्या. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, त्यात त्यांची आई होती. संपानं काय मिळालं, आता पुन्हा कुठे अडलंय, हे त्यांना सांगायचं होतं. सोसायटीच्या लिफ्टचं सांगायचं होतं. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा, पण नोंदणीला गेलं की काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते सांगायचं होतं. दोन रात्री बसून नातीकडून कागदावर मुद्दे लिहून घेतले होते. आईच्या संपापर्यंत त्या पोचल्या आणि सूत्रसंचालक हसत हसत पुढे आले. माइक हळूच काढून घेतला आणि म्हणाले, "मावशींच्या डोळ्यांतच सगळं आलं." टाळ्या. जेवणाची सूचना. मावशी कागद हातात धरून तशाच उभ्या. त्यांच्या डोळ्यांत काय आलं होतं ते मला दिसलं. तो निव्वळ संताप होता, आणि तो त्या सूत्रसंचालकावरच होता.

बरं, सूचना चालू ठेवू.

जेवणाचं कुपन फक्त प्रतिनिधींना द्या. प्रतिनिधी म्हणजे ज्यांनी मोबाइलवर कोड स्कॅन करून शुल्क भरलं ते. इतरांसाठी बाहेर पिठलं-भाकरी-ठेच्याचा स्टॉल, पाटीवर 'श्रमिकांची थाळी', दर दीडशे रुपये. ह्याच शहरात हमाल पंचायतीनं १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली, राबणाऱ्याला परवडेल अशा दरात पोटभर जेवण मिळावं म्हणून. महोत्सवात ती आठवण काढू नये, पाहुण्यांच्या घशात घास अडकतो.

स्वयंसेवक कॉलेजची मुलंमुली असावीत आणि त्यांनी सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत राबावं. आठ तासांच्या दिवसाच्या लढ्याचं पोस्टर त्यांनीच चिकटवलेलं असतं.

सफाईचा विषय निघालाच तर असा टोलवावा. सभागृहाच्या स्वच्छतागृहात एक बाई दिवसभर फिनेलच्या बादलीशेजारी उभी होती. तिला रोज किती मिळतो म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, दोन महिन्यांचा पगार राहिलाय. मी संयोजकांकडे गेले. ते म्हणाले, तो आपला विषय नाही, हॉलवाल्यांना विचारा. हॉलचे व्यवस्थापक म्हणाले, आमचा संबंध नाही, ठेकेदाराला विचारा. ठेकेदाराचा फोन लागला नाही. चाकणच्या कुठल्याही कंपनीच्या गेटवर हेच, ह्याच क्रमानं ऐकायला मिळतं. तिथे निदान गेटवर लाल झेंडे घेऊन मालकच उभा नसतो. ठेकेदारानं मजुरी थकवली तर ती मूळ मालकानं भरायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं. वरच्या मजल्यावर त्याच सुमारास कंत्राटीकरणावर सत्र चालू होतं. मी तिथे जाऊन सांगितलं. 'प्रश्नोत्तराच्या वेळी घेऊ' असं उत्तर आलं. प्रश्नोत्तरं वेळेअभावी रद्द झाली.

ठराव मात्र एकमतानं मंजूर करावेत. ते कोणाला पाठवायचे हे नंतर ठरवता येतं.

आणि समारोपात 'हा महोत्सव नाही, ही चळवळ आहे' असं

नाही, राहू दे. मला हा सूर आता जमत नाही.

कशासाठी बोलावलं होतं आम्हाला? वर्षभर कलेक्टर कचेरीसमोर आमची धरणी होतात, तुमच्यातलं कोणी पाच मिनिटं फिरकत नाही. महोत्सव आला की फोन येतो, "ताई, तुमच्या वीसेक बायका पाठवा ना." तुमच्या बायका! खुर्च्या भरायला हव्या असतात आणि फोटोत नऊवारी हवी असते. मोलकरणींची सभा वस्तीतल्या समाजमंदिरात रात्री साडेआठला होते. कारण तेव्हाच त्यांची कामं आवरतात. हे कळायला कोणत्या संहितेचा अभ्यास लागत नव्हता. एक फोन करून विचारलं असतं तर कळलं असतं. विचारावंसं वाटलं नाही, कारण त्या येतील की नाही ह्यानं तुमचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते पाहुण्यांवाचून. म्हणून त्यांच्यासाठी पावणेदोन तास थांबलात, आणि मावशींना तीन मिनिटंही पूर्ण मिळाली नाहीत.

आणि सरकारच्या नावानं बोटं मोडू नका इथे. त्या सफाईवाल्या बाईचा पगार सरकारनं थकवलेला नव्हता. हॉलचं भाडं तुम्ही दिलंत. भाडं देताना एक ओळ लिहून घ्यायची होती, की इथे काम करणाऱ्यांचे पगार चुकते झालेले असतील तरच पुढचा हप्ता. तुमच्यात निम्मे वकील आहेत. एक ओळ लिहिता आली नाही?

त्या रविवारचे खाडे बायकांच्या पगारातून कापले गेले आहेत. यादी माझ्याकडे आहे, मागून घ्या आणि पैसे पोचते करा. पावतीपुस्तक तुमच्याकडे आहेच. पुढच्या वर्षीच्या नियोजनाची बैठक लावाल तेव्हा मला बोलावू नका, मावशींना बोलवा. रामटेकडीला, रात्री साडेआठनंतर. आणि वेळेवर या, त्यांना पहाटे पाचला उठायचं असतं.