समग्र परिचर्येची कार्यशाळा कशी भरवावी: होतकरू आयोजकांना मोफत मार्गदर्शन

तुमच्याकडे एक हॉल आहे, एक माईक आहे आणि ओळखीत एखादे सर आहेत जे आधी विमा विकायचे आणि आता ऊर्जा विकतात? मग बसून काय राहिलात, नर्सेससाठी सीएनई भरवा, म्हणजे नोकरीतल्या नर्सेसनी चालू ठेवायचं शिक्षण. गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं तर पाच वर्षांत १५० तासांचं शिक्षण झालंय असं दाखवावं लागतं, त्यामुळे आम्ही येणारच. झक मारत येणार, नाइट करून येणार, आठवड्याचा ऑफ घालवून येणार, पोराला शेजारणीकडे सोडून येणार, आणि वर फी पण आमच्याच खिशातून.

मी नुकतंच अशा एका कार्यशाळेचं पुण्य पदरात पाडून घेतलंय. विषय होता 'समग्र आणि एकात्मिक परिचर्या', म्हणजे होलिस्टिक अँड इंटिग्रेटिव्ह नर्सिंग. तेव्हा जे काही शिकले ते ताजं आहे तोवर तुम्हाला सांगून टाकते.

आधी बॅनर. बॅनरवर 'होलिस्टिक' हा शब्द मोठ्या अक्षरात पाहिजेच. 'बेडसोर कसे टाळावेत' असं लिहिलंत तर उद्घाटनाला कोण येणार, पडून पडून पाठीला होणाऱ्या जखमांसाठी आमदार येत नसतात. मधोमध कमळ, कमळात मांडी घालून बसलेला माणूस, त्याच्या पाठीच्या कण्यात सात रंगांचे गोळे. कोपऱ्यात एक नर्स टाका, गोरी आणि डोक्यावर टोपीवाली. आमच्या वॉर्डातून टोपी कधीच गेली पण बॅनरवर ती शोभून दिसते.

वेळ सकाळी नऊची छापा. नऊला फक्त नर्सेस येतात, कारण आम्हाला हँडओव्हरची सवय, पुढची बाई आल्याशिवाय मागची घरी जात नाही. पाहुणे अकरानंतर येऊ देत.

शाली कमी पडू देऊ नका, खुर्च्या कमी पडल्या तरी चालतील.

दीपप्रज्वलनाला फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचा फोटो ठेवा, हार घाला, पण त्यांनी काय लिहून ठेवलंय ते चुकूनसुद्धा वाचू नका, पंचाईत होईल. बाईंनी १८५९ सालीच नर्सिंगवरच्या त्या छोट्या पुस्तकात सुरुवात केलीय ती हवेपासून, खिडकी उघडा म्हणून. पुढे आवाजावर अख्खं प्रकरण आहे, विनाकारण आवाज करणं म्हणजे काळजी न घेण्याचा सगळ्यात क्रूर प्रकार असं त्या म्हणतात. आणि आणखी एक प्रकरण आहे आजारी माणसाला पोकळ धीर आणि फुकटचे सल्ले देणाऱ्यांवर. तुमच्या हॉलच्या खिडक्या एसीसाठी बंद, स्पीकर कान फाटेस्तोवर चालू, आणि दिवसभर स्टेजवरून नेमकं तेच, पोकळ धीर आणि सल्ले. फोटोतल्या बाई गप्प बसतात हे तुमचं नशीब.

आता वक्ता. वक्ता निवडताना एवढंच बघा की त्याने आयुष्यात कुणाचं बेडपॅन उचललेलं नसावं. तसला अनुभव असला की माणूस ऊर्जेबद्दल बोलताना अडखळतो. आमचे सर अजिबात अडखळले नाहीत. माणसाच्या अंगाभोवती ऊर्जेचं वलय असतं, आजारी माणसाच्या वलयाला भोकं पडतात, नर्सने अंगाला न लावता चार बोटं वरून हात फिरवायचा आणि भोकं बुजवायची. मग आमच्या जोड्या लावल्या, एकमेकींची भोकं शोधा म्हणाले. माझ्या जोडीची सिस्टर रात्रभर ड्युटी करून आलेली, डोळे मिटा म्हटल्याबरोबर ती जी झोपली ती झोपलीच, आणि सरांनी तिच्याकडे बोट दाखवून अख्ख्या हॉलला सांगितलं, बघा, किती खोल ध्यान लागलंय.

हे अमेरिकेत नर्सिंगच्या पोरींना शिकवतात असंही म्हणाले. ते खोटं नाही. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या नर्सिंगच्या प्राध्यापक डोलोरेस क्रीगर यांनी डोरा कुंझ यांच्यासोबत हे सुरू केलं, थेरप्युटिक टच म्हणतात त्याला, आणि तिकडे ते बरंच पसरलं. पण पुढचा भाग सरांच्या स्लाईडवर नव्हता, तुमच्याही नसू दे. एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या पोरीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी एक पुठ्ठा उभा केला. पुठ्ठ्याच्या भोकांतून हे हात फिरवणारे लोक आपले दोन्ही हात पलीकडे काढायचे, ती नाणं उडवून ठरवायची आणि त्यातल्या एका हातावर आपला हात वरच्या वर धरायची. सांगा, माझी ऊर्जा कुठल्या हाताला जाणवतेय? २१ जणांना बसवलं. बरोबर उत्तरं आली ४४ टक्के. नुसते अंदाज मारले असते तरी निम्मी बरोबर यायची. १९९८ मध्ये ते 'जामा' या डॉक्टरांच्या मोठ्या जर्नलमध्ये छापून आलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तेव्हा एक सूचना, कार्यशाळेत लहान मुलं आणू देऊ नका.

तेलांचा, अगरबत्त्यांचा आणि तांब्याच्या बांगड्यांचा स्टॉल बाथरूमच्या वाटेवर लावा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रश्नोत्तरं ठेवू नका. आमच्या आयोजकांनी ठेवली आणि मेडिसिन वॉर्डच्या एका सिस्टरने हात वर करून रंगाचा बेरंग केला. तिचं म्हणणं असं की पेशंट ॲडमिट होतात तेव्हा पिशवीत काय काय घेऊन आलेले असतात, उशाखाली पुड्या, बाटलीत काढा, कुणाचं इन्सुलिन चालू आणि वरून घरच्यांनी आणलेला कारल्याचा रस चालू. डॉक्टर राउंडला आले की बाटली पलंगाखाली जाते, डॉक्टर ओरडतील म्हणून. पण आम्हाला सांगतात, सिस्टर तुम्ही बोलू नका हां म्हणून सांगतात. तर हे केसपेपरवर कसं लिहायचं, कशाला चालू दे म्हणायचं आणि कशासाठी डॉक्टरांना रात्री झोपेतून उठवायचं?

अख्ख्या दिवसात विषयाला धरून झालेला हा एकच प्रश्न बरं का. सर हसले. म्हणाले, निसर्ग कधी कुणाचं वाईट करत नाही, तुम्ही फक्त सकारात्मक राहा. टाळ्या.

निसर्ग वाईट करत नाही म्हणे. अहो ज्येष्ठमध, घशाला बरं म्हणून सगळे चघळतात ते, रोज भरपूर पोटात गेलं तर बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं, आणि तीच म्हातारी लॅसिक्सवर, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधावर, असली तर पोटॅशियम आणखी खाली जातं, मग रात्री मॉनिटरवर हृदयाचे ठोके जे नाचायला लागतात त्याच्याकडे क्रॅश ट्रॉली घेऊन पळायचं कुणी, सरांनी? वॉरफेरिनवर, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर, असलेल्या माणसाला पोरगा परदेशातून लसणाच्या आणि हळदीच्या कॅप्सूल पाठवतो आणि याच्या हिरड्यांतून रक्त का येतंय म्हणून सगळे डोकं खाजवतात. कसलेल्या वैद्याने न बनवलेल्या, बसस्टँडवरून आणलेल्या भस्माच्या पुडीत शिसं असू शकतं. कोविडमध्ये घरोघरी गुळवेल उकळत होती, २०२१ मध्ये मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटच्या लिव्हरला झालेल्या त्रासाबद्दल लिहिलं, आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, तशीच दिसणारी दुसरी वेल असेल असं म्हणणं आलं, वाद झाला. होऊ दे की वाद, मोठी माणसं आहेत. पण पिवळे डोळे घेऊन माणूस माझ्या वॉर्डात आला तर 'बाबा, काढा किती दिवस घेताय, वेल आणली कुठून' हे विचारणार मी आहे ना? आणि कारल्याच्या रसावर इन्सुलिन घेतलेला माणूस पहाटे घामाने भिजून बडबडायला लागला तर त्याची शुगर बघणारी, डेक्स्ट्रोज म्हणजे साखरेचं पाणी शिरेतून देणारी पण मीच आहे ना? तिथे सकारात्मक राहून काय करू?

हे शिकवायला दोन तास पुरतात. फार्माकॉलॉजीचा एक माणूस बोलवा, नीट वाचलेला एक वैद्य बोलवा, आमच्यातली एक जुनी इन्चार्ज सिस्टर बोलवा आणि तिघांना शेजारी शेजारी बसवून भांडू द्या, आम्ही लिहून घेतो. पण नको, तसं केलंत तर ते खरोखरच इंटिग्रेटिव्ह होईल आणि बॅनर वाया जाईल.

चिडले वाटतं मी. चिडायचं नाही, वलयाला भोक पडतं.

पोस्ट-टेस्टची उत्तरं माईकवरून वाचून दाखवा, सगळ्यांचाच वेळ वाचतो.

जेवणानंतर 'परिचारिकेची स्वतःची काळजी' हे सत्र घ्या, जेवल्यावर कुणी विरोध करत नाही. आम्हाला सांगण्यात आलं की थकवा शरीरात नसतो, दृष्टिकोनात असतो. रोज झोपताना वहीत कृतज्ञतेच्या तीन गोष्टी लिहायच्या, ड्युटीवर जाताना वॉर्डच्या उंबरठ्यावर एक दीर्घ श्वास घ्यायचा. आमच्या वॉर्डच्या उंबरठ्यावर पण एक पेशंट गादी टाकून झोपलेला असतो, त्याला ओलांडताना श्वास घ्यायचा की नंतर, ते विचारायचं राहिलं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स लिहिलीय. तीन! हा आकडा ऐकून हॉलमध्ये हशा पिकला असता, पण सरांनी तो सांगितलाच नाही, त्यांना बहुतेक माहीत नसावा. समग्र काळजी म्हणजे पेशंटचं शरीर, मन, घरचं, पैशाचं सगळं बघायचं, मान्य आहे, आम्हाला पहिल्या वर्षापासून तेच शिकवलंय. पण एकटी बाई रात्री तीस-चाळीस पेशंटचे टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वास, इंजेक्शनं, सलाईन, एक सक्शन, एक डेथ, त्या डेथचे नातेवाईक आणि सकाळी सामान मागवायचं इंडेंट करत असेल तर ती कुणाच्या मनात कधी डोकावणार? आणि हे होत नाही म्हणून तिलाच सांगता की तुझा दृष्टिकोन थकलाय? माणसं भरा ना. जागा रिकाम्या आहेत त्या भरा, मग मी तीन काय तीस गोष्टी लिहिते वहीत.

बास. आता मार्गदर्शन पुरे, सरळच बोलते.

तुम्हाला होलिस्टिक नर्सिंग म्हणजे काय हे बघायचंच असेल तर परळला जा, केईएममध्ये. २७ नोव्हेंबर १९७३ ला अरुणा शानबागवर तिच्याच हॉस्पिटलात हल्ला झाला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली, आमच्यासारखीच स्टाफ नर्स ती. १८ मे २०१५ ला गेली. मधली चाळीसवर वर्षं केईएमच्या नर्सेसनी तिला सांभाळलं, एक पिढी रिटायर झाली की पुढची, आणि अंगाला बेडसोर होऊ दिला नाही. तिच्या दयामरणाच्या अर्जावरच्या २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने त्या सेवेची दखल घेतली. पाठ पुसणं, कूस बदलणं, भरवणं, बोलता न येणाऱ्या बाईला काय आवडतं आणि कशाने त्रास होतो ते ओळखणं, हे सगळं जुनीने नवीला पलंगाशेजारी उभं करून शिकवलं. हे शिक्षण नाही का? याचे किती तास देता तुम्ही?

स्पर्श शिकवायचाय ना, मग खरा शिकवा. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर बांधायचं, कांगारू केअर. १९७८ मध्ये बोगोटाला एदगार रे नावाच्या डॉक्टरने सुरू केलं, तिथे इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांत त्याचा अभ्यास झाला, बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्याबरोबर सुरू केलं तर मृत्यू सुमारे पाव भागाने कमी झाले, २०२१ ला छापून आलंय. आणि आमच्याकडे आईला टेकून बसायला खुर्ची नसते! ऑपरेशननंतरच्या मळमळीसाठी मनगटाच्या आतल्या बाजूचा पी सिक्स नावाचा दाबबिंदू आहे, त्याच्यावर भरपूर ट्रायल झाल्यात, पाच मिनिटांत शिकवून होतो. मरायला टेकलेल्या माणसाच्या मुलाशी काय बोलायचं, ते शिकवा, त्याची आम्हाला रोज गरज पडते आणि ते आम्हाला कुणी धड शिकवलेलं नाही. एवढं सगळं असताना तुम्ही आम्हाला हवेतली भोकं बुजवायला बसवता, लाज नाही वाटत? फी घेतलीत, ऑफ घेतलात, आणि दीडशेतल्या तासांचा कागद हातात देऊन म्हणता शिकलात.

आणि बायांनो, तुम्ही पण. मागच्या रांगेत बसून स्वेटर विणता, व्हॉट्सॲपवर तिथल्या तिथे सरांची टिंगल करता आणि फीडबॅक फॉर्मवर सगळ्याजणी 'उत्कृष्ट' लिहिता. मी बघितले ना फॉर्म, गठ्ठा माझ्याच हातात दिला होता गोळा करायला. प्रश्न विचारणाऱ्या त्या सिस्टरने पण 'उत्कृष्ट' लिहिलंय! मी माझ्या फॉर्मवर 'विषय शिकवला नाही' असं लिहिलं तर आयोजक बाई धावत आल्या, सिस्टर एवढं खोडून टाका, पुढच्या कार्यक्रमाच्या परवानगीला अडचण येते. येऊ दे. पेनाने लिहिलंय, खोडणार नाही, आणि सर्टिफिकेट द्या इकडे, माझी इव्हिनिंग ड्युटी आहे.