गोचिडावर पीएचडी म्हटलं की हसू येते ना?

आज एका साक्षगंधाला गेलो होतो. पंगतीत शेजारी नवरीचा आतेभाऊ बसलेला, पंचविशीतला, चष्मेवाला. कोणीतरी विचारलं, काय करते बाबू? तो म्हणाला, व्हेटर्नरीत पीएचडी करून राहिलो, जनावरांच्या गोचिडांवर. पंगत खो-खो हसली. समोरचे एक काका म्हणाले, "गोचिडावर? अन् याचे सरकार पैसे देते?" पोरगं ओशाळून हसलं आणि वडाभातात मान घालून बसलं.

मुलीकडचा कार्यक्रम, म्हणून गप्प बसलो. इथं मात्र बसणार नाही.

आमच्या घरी गौरी होती. जर्सी क्रॉस. बाबांनी कर्ज काढून घेतलेली. काटोलकडच्या आमच्या गावात तेव्हा अशा गाई दोन-तीनच. दोन वेळचं मिळून नऊ लिटर दूध, त्यावर माझी फी. श्रावणात एक दिवस तिनं कुटाराला तोंड लावलं नाही. कान हातात धरवेना इतका तापलेला. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी फुगलेली. आई म्हणाली नजर लागली, शेजारी म्हणाले फऱ्या. एक जण येऊन तीन इंजेक्शनं टोचून गेला, कशाची ते त्यालाच ठाऊक. चौथ्या दिवशी गौरी गेली. कर्ज राहिलं.

तिच्या कानात, कासेला, शेपटीखाली गोचीड होते. एरंडीच्या बियांसारखे टरारलेले. रोज डोळ्यांसमोर! जनावर म्हटलं की गोचीड आलेच, एवढीच आमची अक्कल.

तो नुसता रक्त पीत नाही हो. त्याच्या लाळेतून थायलेरिया नावाचा परजीवी गाईत उतरतो, पांढऱ्या पेशीत शिरतो आणि त्या पेशीलाच वाढत राहायला लावतो, कॅन्सरसारखं. मग लाल पेशींत जातो. बबेशिया नावाचा दुसरा एक आहे, त्यात लघवी कॉफीसारखी होते. हे कोणाला स्वप्नात दिसलं नाही. गोचिडातून रोग पसरतो हे अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न या दोघांनी गाईंवर प्रयोग करून १८९३ मध्ये मांडलं. रॉसला डासात मलेरियाचा परजीवी सापडला तो १८९७ मध्ये. म्हणजे गोचीड आधी, डास नंतर. पण रॉसचं नाव शाळेत पाठ करायचं आणि गोचीडवाल्याला पंगतीत हसायचं!

कोणी म्हणेल, प्रबंध कपाटात धूळ खात पडतात, गोठ्यापर्यंत काही येत नाही. येत नाही, खरं आहे. पण मग कपाट उघडायला सांगा ना, पोराला कशाला हसता? आणि देशी ठेवायची होती म्हणणाऱ्यांनो, आमची गवळाऊ गाय या तापाला जास्त टिकते, हेही मान्य. तिच्या दुधावर माझी फी भरली गेली नसती.

आता खरं सांगतो. मीही हसलो होतो. गौरीनंतर दीड वर्षांनी दुसरी गाय तशीच तापली. या वेळी तालुक्याच्या डॉक्टरांनी तिच्या कानाच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरला, कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, नागपूरला जा, सेमिनरी हिल्सला, व्हेटर्नरी कॉलेजात दाखव. एसटीत मित्र म्हणाला, गाईचं रक्त घेऊन शहर पाहायला चालला का बे? दोघंही हसलो. तिथं एका सरांनी काच रंगवली, पाऊण तास बसवलं आणि मायक्रोस्कोपला माझा डोळा लावला. जांभळ्या पेशी, त्यांत निळे ठिपके. "हा बघ थायलेरिया." औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. महागडं होतं, बाबांनी उधारी केली. गाय वाचली. पुढं सहा वेत दिले तिनं.

गौरीच्या वेळी हीच काच कोणी रंगवली असती तर... जाऊ द्या.

हात धुताना त्या पोराला गाठलं. हळूहळू मोकळा झाला. म्हणाला, काका, लोक गाईच्या अंगावर फवारतात अन् गोठ्याच्या भिंती सोडतात. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली गळते, भेगेत शिरते, दोन-तीन हजार अंडी घालते. तेच ते औषध मारून मारून आता गोचीड मरेनासे झालेत. बाटलीत गोचीड गोळा करत गावोगाव फिरतो, लोक हाकलून लावतात. आपल्या इकडचा गोठा आहे का कोणाचा?

रविवारी येतो म्हणाला. आत्ताच आईला फोन केला, की भिंतीच्या भेगा आत्ताच लिंपू नको, आणि गोचीड हातानं चिरडू नको, एक जण पाहायला येऊन राहिला.

आई म्हणाली, "कावून? गोचिडाईचं साक्षगंध हाय का?"